खांडीवरचा नाच

बांधावर पाय ठेवायचा नाही, एवढी एकच अट मी घातली होती. ती मोडायला माझ्या आईला अर्धा तासही लागला नाही.

तिच्यासोबत सात-आठ बायका होत्या. सगळ्या धाकट्या खारीच्या, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी एका उधाणात बुडालेल्या खाडीकाठच्या गावच्या. त्या उधाणानंतर सरकारने सगळं गाव उचलून घाटावरच्या एका कोरड्या माळावर नेऊन ठेवलं आणि त्या वसाहतीचं नाव ठेवलं ‘नवी खार’. खार म्हणजे बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात पिकवायचा. माळावर खाडी नाही, भात नाही आणि अडवायला पाणी तर मुळीच नाही. आईने तिथे सिमेंटच्या टाकीत जिताडा पाळून पाहिला. मासे मेले तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

मी जुई मोकल. पुनरागमन विभागात नियोजन अधिकारी आहे. घरदार सोडून जावं लागलेली माणसं परत गावी येतात, तेव्हा त्यांना पिण्याचं पाणी कुठून मिळेल, राहतील कुठे, डॉक्टर कुठे बसेल, मुलं कधी शाळेत जातील, हे ती यायच्या आधी ठरवून ठेवणं हे माझं काम. या कामात ‘पाहून या’ नावाचा एक टप्पा असतो. गावातल्या थोड्या माणसांना आधी जागा दाखवायची, म्हणजे परत यायचं की नाही हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवतात. कल्पना उत्तम आहे. फक्त त्या थोड्या माणसांत आपली आई नसावी.

माघातली कोवळी सकाळ होती. पाणी उपसून कोरडी केलेली जमीन लांबवर पसरली होती आणि तिच्या कडेने नवा बांध, राखाडी, ओलसर, खाडीच्या वळणाने वळत गेलेला. बायका गाडीतून उतरल्या, एकमेकींचे हात धरून सरळ कुंपणाखालून वाकून बांधावर गेल्या. मी पोहोचेपर्यंत त्यांनी फेर धरला होता. बांधाचा माथा अरुंद, त्यामुळे फेर लांबट. पायात चपला नाहीत आणि तोंडाने गौरीचं गाणं.

“आई! खाली उतर! बांध अजून कच्चा आहे!”

“उतरतंय, उतरतंय. येवरा गाना संपू दे.”

“गौरी भाद्रपदात येतात! हा माघ आहे!”

“पंचवीस वरसं तिना उशीर झालाय,” आई नाचता नाचता म्हणाली, “आता काय म्हयना बघत बसल क ती?”

बायका खिदळल्या. मी सगळ्यांसमक्ष आईवर ओरडले आणि ते रास्तच होतं. या बांधावर शेकडो माणसांचं परत येणं अवलंबून होतं. त्यांच्यात माझी आई, जयवंती मोकल, सर्वांत हट्टी. मरायच्या आधी आपल्या दारात आपल्या तळ्यातला जिताडा शिजवायचा, एवढीच तिची इच्छा. ती तिने मला इतक्या वेळा ऐकवली आहे की मी हे काम निवडलं ते माझ्या मनाने की तिच्या, ते मलाच सांगता यायचं नाही.

हा बांध जिवंत होता. तो घडवणारे डॉक्टर फारूख मुकादम त्याला ‘जागता बांध’ म्हणत आणि त्यातल्या जीवाणूंना ‘गवंडी’. समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. शिंपले तोच चुना घेऊन आपली कवचं करतात. काही जीवाणूंनाही ही विद्या येते. ते चिखलाच्या दोन कणांमध्ये चुन्याचा बारीकसा खडा तयार करतात, आणि असे अब्जावधी खडे जमले की चिखलाचा दगड होतो. मुकादमांनी त्या जीवाणूंमध्ये आणखी एक गुण घातला होता. त्यांना धक्का कळायचा. लाट आपटली की झोपलेला गवंडी जागा होऊन कामाला लागायचा. जिथे लाट जास्त आपटते तिथे बांध आपोआप जाड होणार, आणि तडा गेला तर स्वतःच बुजवणार. समुद्राची पातळी वाढत होती, आणि माणसाने घातलेले बांध एकामागून एक फुटत होते. या बांधाला मात्र समुद्रच मजबूत करणार होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

बांधाच्या पोटात तारा पुरलेल्या होत्या. कुठला भाग किती घट्ट झालाय ते त्या आवाजाच्या वेगावरून ओळखत. पडद्यावर घट्ट भाग पांढरा दिसे आणि मऊ भाग काळा.

होळीच्या सुमारास मुकादमांचा फोन आला.

“जुईताई, जरा इकडे येता का? आत्ताच या. मी फोनवर सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल.”

मी गेले. त्यांच्या तंबूतल्या पडद्यावर बांध दिसत होता. खाडीकडची बाजू पांढरीशुभ्र, हवी तशी. माथा मात्र सगळा काळा. तीच तर आमची काळजी होती. मोठ्या उधाणात पाणी माथ्यावरून उडी मारतं, आतल्या बाजूने माती खात येतं आणि बांध मागून कोसळतो. माथ्यावर रोजची लाट पोहोचत नाही, म्हणून तिथले गवंडी झोपलेले.

“इथे बघा,” मुकादम म्हणाले.

काळ्या माथ्यावर एके ठिकाणी एक पांढरं कडं होतं. लांबट, दोन्ही टोकांना वळलेलं, मध्ये काळं.

मला कळायला क्षणभर लागला.

“हा फेर आहे,” मी म्हणाले. “आईचा.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून कुणाला बोललो नाही.”

आम्ही दोघं बांधावर गेलो. मुकादमांनी चप्पल काढली, मग मीही काढली. कड्याच्या बाहेर पाय चिखलात रुतत होता. कड्यावर ठेवला तर खाली कोरडी, कोमट फरशी. मी गुडघ्यांवर बसून बोटांनी वाजवून पाहिलं. टणटण आवाज आला. एका जागी टाचेचा ठसा होता, जसाच्या तसा, दगडाचा. आईच्या उजव्या टाचेला भेग आहे. ती भेगसुद्धा होती.

मुकादमांच्या डोळ्यांत पाणी होतं. हा माणूस पंधरा वर्षं या जीवाणूंच्या मागे होता आणि त्याने न शिकवलेली गोष्ट ते शिकले होते.

“पाय पडला की चिखल दबतो, पाणी बाहेर जातं. पाय उचलला की हवा आत येते,” ते हळू आवाजात सांगू लागले. “धक्का, श्वास, धक्का, श्वास. लाटेपेक्षाही बरं. आणि आपण त्याभोवती कुंपण घातलं. माणसांपासून वाचवायला!”

“मग रोलर फिरवू या.”

“तो मी मागेच एका टोकाला फिरवून पाहिलाय. वजनाने कोवळे खडे चिरडले, गवंडी मेले. माणसासारखं चालणारं यंत्र करता येईल, पण त्याला दोन वर्षं लागतील. आपल्याकडे आषाढातल्या अमावस्येपर्यंत वेळ आहे.”

आषाढातल्या अमावस्येचं उधाण हीच बांधाची परीक्षा ठरली होती. त्यात टिकला तर धाकटी खार परत वसणार. फुटला तर उघाडीचे दरवाजे, म्हणजे बांधातली पाणी सोडायची दारं, कायमची उघडी टाकून जमीन कांदळवनाला द्यायची आणि विषय संपवायचा.

माझ्या सगळ्या आराखड्याचा पाया एकच होता: आधी बांध पक्का, मग माणसं. आता बांध म्हणत होता, आधी माणसं.

आमच्या सचिव बर्वे मॅडम भल्या बाई. त्यांनी पडद्यावर पांढरं कडं तीनदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“जुई, मंजुरीत मी लिहू काय? लोकांना नाचायला पाठवत आहे?”

“लिहा ना मॅडम. तांत्रिक कामात स्थानिकांचा सहभाग.”

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. “बांध कच्चा असताना त्याच्यावर माणसं उभी करायची. त्यातलं एक जरी गेलं तर?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण त्या प्रश्नाने माझी झोप उडवली होती. घरं नंतर. आधी गावामागच्या टेकडीवर तंबू, तिथेच दवाखाना, होडीने पिण्याचं पाणी. भरतीच्या वेळी बांधावर चिटपाखरू नाही. ओहोटीला पाळीपाळीने पाय. आणि कुणावर सक्ती नाही. धोका काय आहे ते प्रत्येकाला स्पष्ट सांगायचं, ऐकून ज्याला यायचं तो येईल. मॅडमनी सही केली.

नव्या खारीत सभा घेऊन मी सगळं सांगितलं. बांध फुटू शकतो, हेही लपवलं नाही. सभा संपली आणि लोक बोचकी बांधायला गेले. मी घरी आले तर आईचंही बोचकं तयार.

“तू नाही यायचं,” मी म्हणाले. “तुझा गुडघा नवा बसवलाय. डॉक्टरांनी पाय आपटायला मना केलंय.”

“गुडघ्याचा नाव कशाला घेतंस? तुना भ्या वाटतंय, त सांग ना.”

“हो, वाटते भीती. बाबा त्याच बांधावर गेले, आई.”

ती बोचक्यावर बसली. माझे बाबा, हरेश मोकल. उधाणात बांधाला खिंडार पडलं, त्याला गावात खांड म्हणतात. खांड पडली की घरातली सगळी माणसं बांधावर धावायची, हा धाकट्या खारीचा कायदा. मागचे हातोहात चिखलाची ढेकळं पुढे देत आणि पुढचे खांद्याला खांदा लावून खांडीत छातीभर पाण्यात उभे राहत, ढेकूळ रचेपर्यंत अंगाने पाणी अडवत. बाबा पुढच्या ओळीत होते. बाकीच्यांना ओढून काढता आलं. बाबा मिळाले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी तेव्हा बालवाडीत होते.

“बाकीच्यांचे आयांना तू बांधावर उभी करशील,” आई शांतपणे म्हणाली, “नि तुझी आय तेवरी हितं ठेवशील. मंग त्या बायकांचे तोंडाकडं कशी बघशील गो?”

मी तिचं बोचकं उचलून गाडीत ठेवलं.

वैशाखात धाकटी खार टेकडीवर उतरली. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. पाण्याची होडी गाळात रुतली, तंबूंवरून भांडणं झाली, आणि माझ्या सुबक आराखड्याचे तीनतेरा वाजले. पण ओहोटी लागली की भांडणं तिथेच टाकून सगळे बांधावर. कोणी नाचत, कोणी नुसते चालत. तरुण पोरं गाणी लावून धिंगाणा घालत. माळावर जन्मलेल्या मुली आजीच्या मागे पावलं शिकत. वाकलेले म्हातारे एकमेकांच्या आधाराने शतपावली घालत. त्यांच्या पायाखाली न दिसणारे गवंडी जागे होत होते.

दर संध्याकाळी मुकादम तंबूबाहेर मोठा पडदा लावत. काळा माथा दिवसागणिक पांढरा होत होता. लोक आपापला भाग शोधत. “तो माझा! तो माझे पायाचा!” एक आजीबाई पडद्याला हात जोडून उभ्या राहत. मी कितीतरी योजना पार पाडल्या आहेत, पण माणसं आपल्या पायांनी दगड घडवतात हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रोज पाहायचे, तरी रोज तितकंच नवल वाटायचं.

आषाढ लागला. सगळा बांध पांढरा झाला. उघाडीजवळचा एक तुकडा मात्र काळाच राहिला.

“तार तुटली असेल,” मी म्हणाले.

“तपासली. तार ठीक आहे,” मुकादम म्हणाले. “तिथे पायच पडत नाहीत. आणि माथ्यावरून पाणी आलं तर ते तिथूनच आत शिरणार.”

पायच पडत नाहीत म्हणजे काय, हे पाहायला मी ओहोटीला उघाडीपाशी जाऊन उभी राहिले. लोक गात, बोलत येत होते. त्या जागेपाशी आले की गप्प होत. वाकून मातीला हात लावत, तो कपाळाला लावत, मग बांधाच्या आतल्या उतारावरून खाली उतरून वळसा घालत आणि पलीकडे पुन्हा वर चढत. म्हातारे तसेच, पोरंही तशीच. कोणी कोणाला सांगत नव्हतं.

ती बाबांची खांड होती. नवा बांध जुन्या बांधाच्याच रेषेवर घातलेला. माणूस जिथे गेला त्या जागेवर पाय कसा द्यायचा? आणि मग मला आठवलं, मीसुद्धा इतके दिवस तिथे वळसाच घालत होते. नियोजन अधिकारी असून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता सांगायचं कोणी? सरकारच्या नावाने सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून घेतलं असतं आणि पुन्हा वळसा घातला असता. हरेश मोकलवर पाय द्या, असं त्याच्या मुलीनेही कोणत्या तोंडाने म्हणायचं? आईला विचारायचं तर माझी जीभ उचलेना. अमावस्या जवळ आली. दोन दिवस मी मुकादमांची नजर चुकवत फिरले.

संध्याकाळी आई पडद्यापाशी आली. रोज ती आपला पहिला फेर बघायची. त्या दिवशी तिने बोट दुसरीकडे ठेवलं.

“ह्यो काला डाग कसला?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग डागाकडे, मग खाली उघाडीकडे. तिला सगळं कळलं हे मला तिच्या पाठीवरून कळलं. ती तंबूत गेली आणि जेवली नाही.

सकाळी ओहोटी लागली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती. लुगड्याचा काष्टा घट्ट, केसांत अबोली. खांडीपाशी लोक थांबले. तीही थांबली, वाकली, मातीला हात लावून कपाळाला लावला. मग वळसा न घालता तिने उजवा पाय उचलून त्या काळ्या, मऊ मातीवर ठेवला. पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. मागे कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला.

“हरेश,” आई म्हणाली. ती सहसा त्यांचं नाव घेत नसे. “सगल्यांनी हात जोडलं, नि तुना येकट्याना हितं उभा ठेवला. पंचवीस वरसं उभा हायस. खांदा दुखत असल तुझा.” तिने दुसरा पाय ठेवला. “आता बस. आमी आलाव.”

आणि तिने गौरीचं गाणं धरलं.

पहिल्या कडव्याला तिचा आवाज फाटला. दुसऱ्या कडव्याला मी तिचा हात धरून उभी होते. मला पावलं येत नाहीत. मी रडत होते आणि चुकत होते, आणि ती मला कोपराने ढोसत होती, “डावा! डावा पाय, बाय!” मग त्या सात-आठ बायका आल्या. मग जुने पुरुष आले, त्या दिवशी खांडीत बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले. ते नाचले नाहीत. ओळ करून खांद्याला खांदा लावून जागच्या जागी पावलं टाकत राहिले. मग सगळा गाव आला. मुकादमही आले आणि माझ्याहून वाईट नाचले. अमावस्येपर्यंत प्रत्येक ओहोटीला खांडीवर गर्दी होती. तो तुकडा काळ्याचा करडा झाला. पांढरा व्हायला वेळच नव्हता.

अमावस्येला भर दुपारी उधाण आलं. आम्ही सगळे टेकडीवर. खाडी फुगत फुगत बांधाच्या माथ्याला लागली. एका बाजूला पाणी माणसाच्या डोक्याच्याही वर, दुसऱ्या बाजूला मोकळी जमीन, आणि मध्ये आमच्या पायांनी घडलेला पट्टा. मग वारा सुटला आणि लाटा माथ्यावरून आत येऊ लागल्या, सगळीकडून थोड्या, खांडीवरून जास्त. आईने माझा दंड इतका दाबला की नंतर वळ उठले.

“जुईताई,” मुकादमांनी हाक मारली. “पडदा बघा. खांड बघा.”

लाट माथ्यावर आपटत होती, आणि प्रत्येक लाटेगणिक करडा तुकडा उजळत होता. पायांनी जागे केलेले गवंडी आता समुद्राच्याच धक्क्यांवर काम करत होते. आमच्या डोळ्यांदेखत करड्याचा पांढरा झाला. दोन्हीकडचे पांढरे भाग मधे येऊन एकमेकांना भिडले, आणि बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध झाला. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. म्हातारे खाली बसले. कोणीतरी हुंदका दिला.

पाणी उतरायला लागलं तेव्हा ऊन कलंडलं होतं. बांध जिथल्या तिथे होता. बर्वे मॅडमना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “घरांचं काम सुरू करा.”

आई आणि मी खांडीपाशी गेलो. माथा धुऊन निघाला होता. त्याच्यावर पावलंच पावलं उमटली होती, लहान, मोठी, एकावर एक, सगळी दगडाची. माझ्यातली नियोजन अधिकारी जागी झाली.

“आई, इथे बाबांच्या नावाचा एक दगड बसवू या. मी आराखड्यात जागा ठेवते.”

आईने नवा गुडघा सांभाळत पाय उचलला आणि टाच बांधावर आपटली. टणकन आवाज आला.

“मंग ह्यो काय हाय?” ती म्हणाली, आणि आपलं तळं कुठे खणायचं ते दाखवायला मला हाताला धरून घेऊन गेली.